मागे धरणाऱ्याचा आवाज

बारवी धरणाच्या बाजूची भातं कापायला आली की आमच्या बेलवलीत सकाळी ओल्या पेंढ्याचा वास येतो. मधे एवढ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत की शेत म्हणून काही दिसत नाही. वास तेवढा वाट काढत येतो आणि चहाच्या वाफेत मिसळतो. यंदाही आला. पाठोपाठ देवळाच्या कर्ण्यावरून पहाटेची काकड आरती सुरू झाली. पखवाजावर पहिली थाप पडली, टाळ जुळले, आणि मी उठून खिडकी लावून घेतली.

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी ते पाहिलं असावं. दुधाच्या पिशव्या उचलताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "समजतं हो आम्हाला. आठवण येत असेल." मी मान हलवली. त्यांचा समज खोडून काढायची ती वेळ नव्हती. पण आठवण यावी म्हणून माणूस खिडकी उघडतो, लावत नाही. मला किळस येते.

शब्द जपून वापरते आहे. बारावीच्या मुलांना मराठी शिकवण्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली. जवळजवळचे शब्द वेगळे करून दाखवायची सवय अजून सुटलेली नाही. वीट अतिपणाचा येतो, आणि ती गोष्ट काही दिवस बंद केली की जातो. उबगात थकवा असतो. शिसारी अंगावर येते आणि उतरते. किळस मात्र चिकटते. हात धुतले तरी बोटांना वास राहावा तशी. गेल्या वर्षीचा भातकापणीचा हंगाम मला असा चिकटला आहे.

श्रीधर, माझा नवरा, त्या हंगामाच्या आधीच्या फाल्गुनात गेला. अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यात तो अधिकारी होता. निवृत्त झाला तरी त्याच्या जुन्या शर्टांना एक गोडसर, औषधी वास यायचा. कितीही धुतले तरी तो जात नसे, आणि मला तो कधी खटकला नाही. त्याला दोन नाद होते. एक रविवारी शब्दकोडं सोडवणं, आणि दुसरा बेलवलीच्या भजनी मंडळात जाणं. तिथे तो गायला जायचा असं म्हणणं बरोबर नाही. तो मागे धरायला जायचा.

भजनात पुढे बुवा गातात आणि मागे बसलेले तीच ओळ पुन्हा उचलतात. त्याला धरणं म्हणतात. बुवांचा शेवटचा शब्द खाली पडायच्या आत मागच्यांनी तो हातात घ्यायचा, म्हणजे बुवांना श्वास घ्यायला सवड मिळते आणि ऐकणाऱ्याला मधली फट कळत नाही. आमच्या मंडळाची आणखी एक खोड होती: ओळ संपली की सगळे मिळून एक लांब 'हो' धरायचे. श्रीधरचा 'हो' सगळ्यांच्या नंतर सुरू व्हायचा आणि सगळ्यांच्या नंतर संपायचा. शिवाय तो सुराच्या किंचित खाली असायचा, गादीवर बसलेलं माणूस जरा रुतावं तसा.

"तू उशिरा का धरतोस?" मी एकदा विचारलं होतं.

"सगळे एकदम थांबले तर बुवांना एकटं वाटेल म्हणून," तो म्हणाला. मग चष्मा पुसत हसला. "आणि खरं सांगू? मला वेळेवर जमत नाही."

तो गेल्यावर पहिल्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की त्याचा आवाज माझ्याकडे नाही. फोटो होते. कपाटात शब्दकोड्यांची कात्रणं होती. पण आवाज कुठेच नव्हता. फोनवर तो लिहून निरोप पाठवायचा, बोलून पाठवणं त्याला उद्धट वाटायचं. घरातल्या लग्नांच्या व्हिडिओत तो असे तर कोपऱ्यात, वाढप्यांना वाट करून देताना. माणसाचा चेहरा मनात बराच टिकतो. आवाज मात्र टिकत नाही. तो आधी वरच्या बाजूने पातळ होतो, मग शब्द राहतात आणि त्यांचा आवाज माझाच असतो. श्रावणात एकदा मी त्याचं एक वाक्य मनाशी म्हणून पाहिलं, आणि ते माझ्याच आवाजात ऐकू आलं. त्या दिवशी मी घाबरले.

मग आश्विनातल्या पौर्णिमेला काकडा सुरू झाला. पहाटे कर्ण्यावरून तो 'हो' आला, आणि तो वेळेवर थांबला. सगळ्यांचा, एकदम. मी अंथरुणात उठून बसले.

त्याच सकाळी मी देवळात गेले आणि घरतमामांना गाठलं. मामा म्हणजे मंडळाचे पखवाजवाले, धरणाच्या वाटेवर त्यांची भातशेती आहे. मंडळात कुणी काही रेकॉर्ड करायचं तर ते मामाच, पखवाजाच्या बाजूला मोबाईल उभा करून.

"हाय ना वैनी, सगला हाय," ते म्हणाले. "मागच्या काकड्याचा पन हाय. पन त्यात श्रीधरराव कुठं शोधाल? सगली एकदम वरडतात."

खरंच होतं. मी ते कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. टाळ, पखवाज, कुणाचा तरी खोकला, बाहेर रिक्षा, आणि मागे एक मोठी भिंत उभी असावी तसा सगळ्यांचा मिळून आवाज. त्या भिंतीत तो कुठेतरी होता.

श्रीधरची बहीण नंदा चिखलोलीला नव्या टॉवरमध्ये राहते. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं वहिनी, हल्ली आवाज वेगळे करता येतात. आपल्या विनीतला देऊ. त्याने नाही का स्वरालीच्या लग्नातल्या संगीताची गाणी जोडून दिली? काय केलं होतं त्याने, सगळे रडले होते." स्वराली तिची मुलगी. संगीतात सगळे रडले होते हे मला आठवत होतं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं की काय, कोण जाणे.

विनीतला मी भेटले ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये. तो कुणाच्या नोकरीत नव्हता. ज्याला हवं त्याचं गाणं तो करायचा, सजवायचा, आवाजांचा मेळ बसवून द्यायचा. मित्राच्या कारखान्यावरची एक खोली त्याने घेतली होती. खाली जीन्सच्या पँटांचे गठ्ठे आणि शिलाई मशीनची घरघर; जिन्यात निळीचा आणि गरम इस्त्रीचा वास; जिन्याच्या खिडकीतून नाला दिसायचा. त्या नाल्याचं पाणी कधी निळं असे, कधी नुसतं काळं. खोलीत शिरलं की तो वास एकदम कापला जायचा आणि गुलाबाच्या फवाऱ्याचा वास अंगावर यायचा. भिंतींना काळ्या स्पंजचे टोकदार चौकोन लावलेले, त्यांच्या टोकांवर बारीक पांढरी धूळ. कानाला लावायच्या हेडफोनचं रेक्झिन उकललं होतं. काढल्यावर त्याचे काळे कण कानाला चिकटलेले राहायचे, आणि त्यांना अनेक डोक्यांच्या तेलाचा वास यायचा. घरी जाऊन मी कान साबणाने धुवायची.

"आंटी, बसा ना," विनीत म्हणाला. मनगटावर गंडेदोरे, दाढी कोरलेली, बोलणं अत्यंत गोड. "व्हॉट्सॲपवर पाठवू नका हां, क्वालिटी जाते. मामांचा फोनच आणलात ना? भारी. केबलने घेतो."

त्याने ते घेतलं. पडद्यावर हिरव्या रंगाचं एक जाड, झुबकेदार रान उमटलं. "ही सगळी पब्लिक," तो म्हणाला. "आता यातून अंकलना बाहेर काढू. तुम्ही फक्त सांगा, कोणते अंकल."

मी म्हणाले, "जो उशिरा धरतो तो."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा गेला आणि काम आलं. त्याचा कान चांगला होता, हे कबूल करायला हवं. त्याने टाळ काढले, पखवाज काढला, बुवा काढले. मग एकेक माणूस बाजूला करत गेला. सर्वांच्या 'हो'ची शेपटं तो तपासत होता. शेवटी एक बारीक धागा राहिला. त्याने तो वाजवला.

श्रीधर होता. पाण्याखालून बोलल्यासारखा, कडा खाल्लेला, मधेच टाळांचे तुकडे चिकटलेला, पण तोच. 'हो' धरायच्या आधी तो नाकाने लहानसा श्वास घ्यायचा, तो मला कधी ऐकू आला नव्हता, आणि तरी तो ऐकल्याबरोबर मला त्याच्या सदऱ्याची पहिली गुंडी दिसली. मी टेबलाची कड धरली.

"ये रॉ आहे आंटी," विनीत म्हणाला. "याच्यावर जाऊ नका. अजून यात खूप घाण आहे. ती काढली ना, मग बघा."

घाण. हा शब्द त्याने पुढच्या काही बैठकींत इतक्या वेळा वापरला की मी मोजणं सोडून दिलं. टाळ म्हणजे घाण. दुसऱ्या कुणाच्या आवाजाचा उरलेला लवलेश म्हणजे घाण. शेवटी तो श्वासाशी आला.

"ही घाण कट करू?"

"तो श्वास आहे," मी म्हणाले.

"हो ना, तोच. ब्रेथ. प्रोफेशनल ट्रॅकमध्ये नसतो."

"माणूस गाताना श्वास घेतो, विनीत."

"घेतो ना आंटी! पण ऐकायला कोणाला आवडतं?"

नंदा माझ्या शेजारी बसलेली असायची. ती हसली. "अगं घेऊ दे ना त्याला काढून. तो काय दादाचा श्वास थोडाच काढतोय." बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं आणि तिने ओठ चावला. विनीतने तेवढ्यात तो काढलाही होता.

काही दिवस असे असतात की त्यांत माणूस सभ्यपणाने बसून राहतो आणि समोर काहीतरी सडत असतं. मी दर बैठकीला एकेक गोष्ट सांगायची, हळू आवाजात, कारण मला दुसरा आवाज येत नाही. सूर वर नका घेऊ, म्हणायची. पडद्यावर श्रीधरची रेघ सरळ रेघेच्या खाली नागमोडी जात होती. विनीतने ती बोटाने उचलली आणि सरळ रेघेवर नेऊन ठेवली. "बघा, आता परफेक्ट." उशीर राहू द्या, म्हणायची. त्याने 'हो' मागून ओढून ठेक्यावर आणला. मग त्याला एकच आवाज पातळ वाटला, म्हणून त्याने त्याच्या तीन प्रती केल्या आणि डाव्या-उजव्या बाजूला पसरल्या. मग खाली तंबोरा आला. तंबोऱ्यावर बासरी आली. बासरी आली की व्हायोलिन येतातच. ती आली तेव्हा नंदाने डोळ्यांना रुमाल लावला.

"दादा असा गायचा?" ती म्हणाली. "वहिनी, आपल्याला कधी कळलंच नाही गं."

तो असा गात नव्हता, हे मला त्या खोलीत ओरडून सांगता आलं असतं. पण ती त्याची बहीण होती आणि रडत होती, आणि रडणाऱ्या माणसाला तू चुकीच्या गोष्टीवर रडते आहेस असं सांगण्याचं धैर्य माझ्यात नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तोंडात गुलाबाच्या फवाऱ्याची चव आली होती.

अधूनमधून दार ढकलून पांढऱ्या शर्टातली माणसं यायची. नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या होत्या. आमच्याच प्रभागातले नानाशेठ उभे होते, अपक्ष. त्यांचं गाणं विनीतकडे होतं. "विन्या, साहेबांचं झालं का? उद्या त्यांना ऐकवायचंय." विनीत श्रीधरला बंद करायचा आणि नानाशेठना लावायचा. "सॉरी आंटी, फक्त दोन मिनिटं." मग ढोल, तुतारी, आणि 'बेलवलीचा वाघ'. ती माणसं टाळ्या वाजवायची, एकजण जमिनीला पाय लावून नाचून बघायचा. मी आणि नंदा सोफ्यावर एकमेकींना चिकटून, पिशव्या मांडीवर घेऊन बसायचो. ते गेले की त्यांच्या मसाला सुपारीचा वास राहायचा, आणि त्यात पुन्हा श्रीधर सुरू व्हायचा. त्याच स्पीकरमधून. हा भाग मला अजून नीट सांगता येत नाही. भांडं तेच, नुसतं खंगाळलेलं.

काम पुरं झालं तेव्हा विनीत वाकून माझ्या पाया पडला. एका कानात इअरफोनचं पांढरं बोंडूक तसंच होतं आणि त्यातून काहीतरी वाजत होतं.

कार्तिकी पौर्णिमेला काकड्याची समाप्ती असते. देवळात दहीकाल्याची परात, केळीचे खांब, आणि त्या वर्षी नंदाच्या आग्रहावरून कर्ण्याला जोडलेला एक मोबाईल. बुवांनी हात जोडून सांगितलं, "आता श्रीधररावांना ऐकू या." आणि श्रीधर पुढे आला. आयुष्यात पहिल्यांदा पुढे, एकटा, तंबोऱ्यावर चढवलेला, व्हायोलिनांच्या पुरात. ज्या माणसाने बुवांना एकटं वाटू नये म्हणून मागे थांबून राहण्यात इतकी वर्षं घालवली, त्याच्यामागे आता कुणीच नव्हतं. तीन श्रीधर होते, आणि तिघांनाही श्वास नव्हता.

लोकांनी डोळे पुसले. घरतमामा पखवाजावर हात ठेवून बसले होते. संपल्यावर ते माझ्याजवळ आले.

"वैनी, आमी उगाच वं त्यांना मागं बसवला," ते म्हणाले. "एवढा गला होता, नि मानूस मागं सडला."

मी काला हातात घेतला आणि खाऊ शकले नाही. दह्यात भिजलेले पोहे बोटांमधून गळत होते.

मार्गशीर्ष लागला. भाताच्या झोडणीचे दिवस आले, बाजारात नवा तांदूळ आला, आणि प्रचार सुरू झाला. एका सकाळी मी बेलवलीच्या नाक्यावर मेथीची जुडी निवडत उभी होते. नानाशेठची रिक्षा आली. टपावर दोन कर्णे, मागे नानाशेठचा हात जोडलेला फोटो, गालांना गुलाबी रंग मारलेला. "विकासाची हाक कोणाची? नानाशेठची!" आणि मागे जमाव म्हणतो, "हो!"

जमाव थांबला, आणि श्रीधर थांबला नाही.

मी जुडी खाली ठेवली. भाजीवाली म्हणाली, "काय झालं काकू, पानं खराब हायेत का?" रिक्षा पुढे गेली होती. पुढच्या वळणावर पुन्हा तीच ओळ आली. मी तिच्या मागे गेले. साडी चिखलातून नेत, माझ्या वयाच्या बाईने धावू नये तशी. "बेलवलीचा वाघ कोण? नानाशेठ!" हो. सगळ्यांच्या नंतर, सुराच्या किंचित खाली, आधी नाकाने घेतलेला तो लहानसा श्वास. काही साफ केलेलं नव्हतं. टाळाचा एक चुकार तुकडासुद्धा त्याला चिकटून होता.

रिक्षातल्या माणसाने मला पाहिलं आणि एक पत्रक दिलं. "काकू, लक्ष असू द्या."

घरी येऊन मी विनीतला फोन केला.

"ओळखलंत!" तो खरोखर खूश झाला. "आंटी, तुमचा कान सॉलिड आहे."

"विनीत, तू श्रीधरचा आवाज प्रचाराच्या गाण्यात घातलास?"

"अहो, कोरसला खरी माणसं पाहिजे होती ना. मशीनचा क्राउड प्लॅस्टिक वाटतो. अंकलचा रॉ ट्रॅक पडलाच होता. एकदम गावचा फील, एकदम जेन्युइन. मागेच आहे तो, कोणाला कळतंय?"

"मला कळलं."

"तुम्ही रागावलात का? आंटी, प्लीज. सोलो तर तुमचाच आहे. तो मी कुणाला दिला नाही."

मी रागावले होते की नाही मला माहीत नाही. रागात गरमी असते. मला तोंडाला पाणी सुटत होतं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. मी शक्य तितकं शांतपणे म्हणाले, "मला तो रॉ ट्रॅक दे. तेवढाच. साफ न केलेला."

"तो नाही आता. हार्ड डिस्क फुल झाली होती, इलेक्शनचं केवढं काम. जुने प्रोजेक्ट उडवले. तुमचं फायनल आहे ना, तेच बेस्ट आहे."

मग मी घरतमामांकडे गेले. म्हटलं, मूळ रेकॉर्डिंग असेल तर दुसऱ्या कुणाकडून पुन्हा वेगळं करून घेऊ. मामा खळ्यावर होते, अंगभर भुसा. त्यांनी कपाळावर हात मारला. "फोन भरलाता वैनी. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ काढाचा होता. पोरगा बोल्ला, त्या विनीतकडं हायच ना सगला. मंग काढून टाकला." ते इतके ओशाळले की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यानंतरच्या दिवसांत मी जशी जगले त्याचा मला आजही तिटकारा येतो. सकाळी लवकर आंघोळ उरकून मी गॅलरीत बसायची. पुस्तक हातात, पान तेच. नानाशेठची रिक्षा आमच्या गल्लीत कधी येते ते मला हळूहळू पाठ झालं. दुसऱ्या उमेदवारांच्या रिक्षा आल्या की मी कान मिटून घ्यायची. आणि ती आली की उठून कठड्याशी जायची. खालून फोटोतले नानाशेठ माझ्याकडे बघून हात जोडायचे. ढोल, तुतारी, वाघ, आणि या सगळ्या ओकाऱ्यांच्या तळाशी माझा नवरा एका परक्या माणसाला हो म्हणत असायचा. जिवंतपणी त्याने कुणाला असं हो म्हटलं नाही. कारखान्यात चुकीच्या कागदावर सही करत नाही म्हणून त्याची बढती राहिली होती. आणि इथे प्रत्येक वाक्याला तो होकार भरत होता, मनापासून, सगळ्यांच्या नंतरही.

कपाटात विनीतने दिलेला तो गोड, गुळगुळीत श्रीधर होता. तो मी एकदाही लावला नाही. तो मला मेलेल्या माणसाच्या तोंडाला पावडर लावावी तसा वाटतो. खरा श्रीधर गल्लीत फिरत होता, धुळीत, कर्ण्यातून, आणि त्याच्यापर्यंत जायला दुसरी वाट नव्हती. ज्या गोष्टीची किळस यावी तिच्यातच ती ठेवलेली असावी, जिच्यावाचून राहवत नाही. हा पेच मला पुस्तकांतून कुणी शिकवला नव्हता. शोकाला आपण मोठी स्वच्छ गोष्ट समजतो. पांढरी वस्त्रं, मंद दिवा, फोटोला हार. मला तो उघड्या गटारातून वाहत आलेला दिसला आणि मी ओंजळ पुढे केली.

मग प्रचार थांबला. गल्लीत पेंढ्याचा वास तेवढा राहिला. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी 'हो' मनाशी म्हणून पाहिला, आणि तो वेळेवर आला.

नानाशेठ निवडून आले. गुलाल उडाला, गाणं एक अख्खा दिवस वाजलं, आणि पुन्हा बंद झालं. तेव्हा मी शेजारच्या इमारतीत शोभाताईंकडे गेले. शोभाताई नानाशेठच्या प्रचारातल्या पुढच्या फळीतल्या. हळदीकुंकू असो की पाणी न येण्याचा मोर्चा, त्या पुढे असतात. दार उघडल्यावर त्या चाटच पडल्या.

"मॅडम? तुम्ही? या या, बसा. अगं, पाणी आण गं कुणीतरी!"

"एक काम होतं. ते गाणं हवं होतं."

"कुठलं?"

"नानाशेठचं. प्रचाराचं."

त्यांचा चेहरा इतका फुलला की मला खाली बघावं लागलं. "अहो, आम्हाला वाटायचं तुम्ही पुस्तकवाली माणसं, आमचा कलकलाट ऐकून दारं लावून घेत असाल. आवडलं तुम्हाला?"

"आवडलं," मी म्हणाले.

"मग असं कोरडं कोरडं नाही चालायचं. साहेबांचा आभाराचा व्हिडिओ करतोय आम्ही. त्यात तुम्ही दोन शब्द बोला. शिकवणाऱ्या बाई बोलल्या की वजन पडतं. बोलल्या बोलल्या गाणं टाकते तुमच्या फोनवर."

मी नको म्हणून पाहिलं. त्यांनी तोवर मला खिडकीपाशी उभं केलं होतं, माझा पदर नीट केला होता, मागचा कॅलेंडरचा खिळा दिसू नये म्हणून मला थोडं डावीकडे सरकवलं होतं.

"हसा ना मॅडम. श्राद्धाला आल्यासारखं काय!" त्या म्हणाल्या, आणि मग जीभ चावली. "सॉरी हां. लक्षातच राहिलं नाही."

"असू द्या," मी म्हणाले. "घ्या."

इतकी वर्षं मी वर्गात बोलले, सभांत बोलले, पण त्या मोबाईलच्या काळ्या ठिपक्यासमोर मला शब्द मिळेना. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगता येत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "हे गाणं मी रोज ऐकते. मला ते आमच्या घरातलं वाटतं."

"क्या बात है!" शोभाताई म्हणाल्या. "एका फटक्यात! तुम्ही उभं राहायला पाहिजे होतं मॅडम."

गाणं माझ्या फोनवर आलं. व्हिडिओही आला, पुढे तो सगळ्या बेलवलीत फिरला. नंदाने फोन करून विचारलं, "वहिनी, तू आणि राजकारण? दादा असता तर काय म्हणाला असता?" दादा त्यात आहे, हे तिला ऐकू आलं नव्हतं.

त्या व्हिडिओत मी खिडकीपाशी उभी आहे, पदर भलताच नीट, चेहरा कुणा दुसऱ्या बाईचा. मी म्हणते, मला ते आमच्या घरातलं वाटतं, आणि थांबते. मी श्वास घेते तिथे त्यांनी गाणं वर आणलं आहे. जमाव हो म्हणतो आणि सोडतो. मागून श्रीधर धरतो. तेवढ्यात पडद्यावर नानाशेठ हात जोडून येतात, गाल गुलाबी, खांद्यावर गुलाल, आणि माझ्या घशाशी येतं. पण मी नजर काढत नाही, कारण त्याचा हो अजून संपलेला नसतो.